आमची वाटचाल : डेटा इंदूरलाच, स्क्रीन कुठेही

इंदूरच्या रामबागेतल्या घरच्या पुढच्या खोलीत आम्ही दोघा भावांनी व्हिज्युअल फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस भाषेत बिलिंगचे प्रोग्राम लिहायला घेतले. गिऱ्हाईक बहुतेक सियागंजातले किराण्याचे ठोक व्यापारी. पेढीवर एकच कॉम्प्युटर, तो मुनीमजींचा, आणि त्यावर सगळं भागायचं. पुढे कुणाचं पालद्याला गोदाम झालं, कुणाची देवासला शाखा निघाली आणि सगळ्यांनाच एकाच वेळी तीच खातेवही उघडी हवी झाली.

दुकानातल्या दुकानात फोल्डर शेअर करून हे जमतं. लांबून नाही. तिथला प्रोग्राम प्रत्येक नोंदीसाठी इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायची सूची, लाइनवरून ओढतो. लिहिता लिहिता लाइन गेली की ‘इंडेक्स डझ नॉट मॅच द टेबल’. म्हणजे सूची आणि नोंदी जुळत नाहीत. मग सूची नव्याने बांधायला, रीइंडेक्ससाठी, सगळ्यांना बाहेर काढा, ऐन गर्दीत! म्हणून आम्ही रिमोट डेस्कटॉपकडे वळलो. प्रोग्राम आणि डेटा दोन्ही सर्व्हरवर, लाइनवरून येते-जाते ती फक्त स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस. लाइन तुटली तरी अर्धवट बिल सर्व्हरवर जसंच्या तसं.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि नोंदी भराभर फुगल्या. फॉक्सप्रोचं एक टेबल २ जीबीच्या पुढे जात नाही, म्हणून डेटा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसवर, मायक्रोसॉफ्टच्या फुकट डेटाबेसवर, नेला. तिथे तेव्हा डेटाबेसला १० जीबीची मर्यादा होती, पण किराण्याला ती पुष्कळ.

खरी हुज्जत लायसन्सची. विंडोज सर्व्हर प्रशासनासाठी दोन सेशन, म्हणजे एका वेळी दोघांचं लॉगिन, देतो. बाकीच्यांना आरडीएसची (रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसची) लायसन्स लागतात, त्यांच्याविना चालवायची मुभा १२० दिवसांची. “भिया, नेट पे फाइल मिलती है, डाल दो ना,” असं सेठजी म्हणतात. लायसन्स चुकवणारी ती फाइल आम्ही टाकत नाही. काम गेलं तरी चालेल. त्यापेक्षा हिशेब नीट मांडतो : गोदामातल्या एका मशीनवर पाळीपाळीने पोरं बसतात तिथे डिव्हाइसचं लायसन्स, आणि घर, दुकान, मोबाइल असं तिन्हीकडून बघणाऱ्या मालकाला यूजरचं.

गोदामातला पोऱ्या खिडकीचा क्रॉस दाबून चहाला जातो, तो आणखी एक ताप. सेशन मागे जिवंत आणि त्या पार्टीच्या खात्याला कुलूप. म्हणून तुटलेलं सेशन गोदामात लवकर संपवतो, अकाउंटवाल्यांना मात्र सैल मुदत देतो.

पण सगळ्यात जास्त फोन येतात ते प्रिंटरचे. रिमोटमध्ये प्रिंटरच्या नावामागे सेशनचा नंबर लागतो, आणि तो पुढच्या लॉगिनला बदलतो. नाव जपून ठेवणारा प्रोग्राम दुसऱ्या दिवशी प्रिंटर शोधत बसतो. आमचा प्रोग्राम नंबर सोडून उरलेलं नावच जुळवतो. डॉट मॅट्रिक्स तर ईझी प्रिंटमधून, रिमोट डेस्कटॉपच्या सगळ्या प्रिंटरांसाठीच्या एकाच ड्रायव्हरमधून, गेला की अक्षरांऐवजी चित्र छापू लागतो, आणि ट्रक दाराशी ताटकळतो. त्याला सर्व्हरवर त्याचा स्वतःचाच ड्रायव्हर द्यावा लागतो.

आता नवं गिऱ्हाईक आलं की आमचा माणूस आधी त्यांचे प्रिंटर बघून येतो. कोटेशन त्यानंतर.