मिठागरासमोर राहून मीठ विकत आणणारी बाई

मुलुंड पूर्वेला राहते मी, हायवेला लागलं की मिठागरं समोर, आणि तरी मी कुरिअरने मीठ मागवते, हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टॅंकसाठी, ज्यात मासे आणि कोरल म्हणजे प्रवाळ आहेत. पाच किलोची पिशवी, दोन हजारांच्या आसपास. पहिलं पार्सल फोडलं तेव्हा सासूबाई शेजारीच उभ्या, मालवणच्या आहेत त्या, किंमत ऐकून म्हणाल्या, "गे बाय, तुजां डोक्यां जाग्यार आसा मां?"

त्यांचा प्रश्न चुकीचा नाहीये. पण मिठागरात समुद्राचं पाणी आटवतात तेव्हा कॅल्शियमचे क्षार आधीच खाली बसतात, मग मीठ पडतं, आणि मॅग्नेशियम वगैरे बरंचसं उरलेल्या कडू पाण्यात राहून जातं. म्हणजे आपल्या हाती येतं ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराईड. आमटीला चालतं, कोरलला नाही, त्याला कॅल्शियम मॅग्नेशियम सगळंच लागतं. मग थेट खाडीचं पाणीच आण की, असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी एकदा ठाण्याच्या खाडीवर ओहोटीच्या वेळी जाऊन वास घेऊन यावा.

हे खूळ लागलं मालवणात. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग केलं, पाणी काही फार स्वच्छ नव्हतं त्या दिवशी पण खाली मासे, प्रवाळ, काहीबाही हलणारं बघितलं आणि घरी आल्यावर दोन महिने रात्री यूट्यूब. परदेशातल्या लोकांचे टॅंक बघून घाम फुटतो, एकेक लाइटच आपल्या फ्रिजच्या किमतीचा. मी स्वतःला वीस हजार दिले, त्यात बसलं तर ठीक नाहीतर गोड्या पाण्याचे गप्पी आहेतच.

काच स्थानिक काचवाल्याकडून, २४ बाय १५ बाय १५ इंच, २४०० रुपये. गणिताने ८८ लिटर होतात पण दगड आणि वरची रिकामी जागा धरून पाणी बसतं सत्तरेक. लाइट सेकंडहॅंड, एकजण हौस सोडत होता त्याच्याकडून ३५०० ला. वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलतं ठेवणारा पंप, ९०० चा. वाळू घातलीच नाही, खाली नुसती काच, दिसायला जरा भकास पण घाण ओढून काढायला बरं पडतं.

दगडाचं मात्र वेगळं सांगायला हवं. बाहेरच्या व्हिडिओत सगळे म्हणतात लाइव्ह रॉक घ्या, जिवाणूंसकट समुद्रातून आलेला. आपल्याकडे तो बहुतेक प्रवाळाचा तुकडा असतो आणि हार्ड कोरल, म्हणजे दगडासारखा सांगाडा असलेले, २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ आहे ना त्याच यादीत. जिवंत सोडा, मेलेला पांढरा सांगाडासुद्धा घरात ठेवता येत नाही. समुद्री घोडे पण तसेच. एका दुकानात मला आतल्या खोलीत नेऊन हळूच दाखवलं होतं, "मॅडम कोणी विचारत नाही". मी सरळ बाहेर आले, धाडस वगैरे काही नाही, भीतीच वाटली, आणि मालवणात बघितलेलं आठवून जरा कसंतरीही झालं.

म्हणून दगड घरी केला. आमच्याकडे रविवारी तिसऱ्या होतात, त्यांचे शिंपले तीन महिने साठवले, धुऊन गच्चीवर वाळवले (सोसायटीच्या ग्रुपवर वासाबद्दल मेसेज आला, मी लाइक करून सोडून दिला), खलबत्त्यात भरड कुटले, आणि एक भाग सिमेंटला तीन-चार भाग शिंपले आणि जाडं मीठ. हे जाडं मीठ मिठागराचं बरं का, तेवढ्यावर सासूबाई खूश. मीठ नंतर पाण्यात विरघळतं आणि दगडाला भोकं पडतात, त्या भोकांत जिवाणू राहणार म्हणून सगळा खटाटोप. ओल्या वाळूत खड्डे करून त्यात ओतलं. पण सिमेंटमधून चुना सुटत राहतो, पहिल्या पाण्याचा पीएच १२ च्या जवळ होता, त्यात मासा टाकला असता तर संपलाच असता. दोन महिने ड्रममध्ये बुडवून, दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलून बदलून एकदाचा साडेआठच्या खाली आला. इथे घाई केली तर पुढचं सगळं फुकट.

नंतर सायकलिंग, म्हणजे मासे टाकायच्या आधी टॅंकमध्ये जिवाणू वाढवणं. टॅंकमध्ये एक कोलंबी टाकायची आणि सडू द्यायची, मग अमोनिया तयार होतो, तो खाणारे जिवाणू वाढतात, त्याचं नायट्राइट होतं, मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. मला जवळजवळ सहा आठवडे लागले. एवढे दिवस हॉलमध्ये खारं पाणी, सिमेंटचे दगड आणि एक कोलंबी. पाहुणे आले की नवरा विषय बदलायचा.

पाण्यात मी पैसे वाचवायला गेले आणि तिथेच आपटले. घरचा आरओ आहे तर वेगळं कशाला, असं वाटलं. त्यातून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, ४५ येत होता, नळाला ७५, म्हणजे फरक तरी काय! घरच्या मशीनमध्ये चवीसाठी थोडं साधं पाणी परत मिसळतात हे मला माहीतच नव्हतं. त्या पाण्याने तीन आठवड्यांत दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ, टूथब्रशने घासून हात दुखले. शेवटी प्लंबरकडून मेंब्रेनच्या (आरओच्या मुख्य गाळणीच्या) पुढे, पाणी मिसळायच्या आधी, पाइपला एक टी म्हणजे फाटा मारून घेतला आणि त्याला उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचा डबा जोडला, सगळं मिळून १४०० रुपये, आता मीटरवर शून्य येतो.

दुसरी आपटी हायड्रोमीटरची, म्हणजे पाण्याच्या घनतेवरून मीठ किती ते दाखवणाऱ्या यंत्राची. २५० रुपयांचा, काटा तरंगणारा. काट्याला बुडबुडे चिकटले की तो वर उचलला जातो आणि मीठ जास्त दाखवतो. माझा १.०२५ दाखवत होता आणि खरं होतं १.०२१, म्हणून माझे झोआ, म्हणजे छोट्या फुलांसारखे दिसणारे कोरल, आठवडाभर मिटून बसले होते आणि मी लाइटला शिव्या घालत होते. मग प्रकाशावरून मीठ मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर घेतला, १७०० गेले. एकदम मीठ नाही वाढवायचं, रोज जेवढं पाणी उडतं त्याच्या जागी आठवडाभर खारं पाणी घालत गेले, सावकाश वर आलं. एरवी उडालेल्या पाण्याच्या जागी साधंच शून्यवालं घालायचं, कारण मीठ उडत नाही, ते टॅंकमध्येच असतं.

कोरल म्हणाल तर फक्त सॉफ्ट, म्हणजे दगडी सांगाडा नसलेले, झोआ आणि मशरूम नावाचे. झोआ हाताळताना ग्लोव्ह्ज घाला आणि झोआ चिकटलेला दगड कधीही उकळू नका, काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं, वाफेतून माणसं आजारी पडलेली आहेत. मासे दोनच, टॅंकमध्ये जन्मलेले क्लाऊनफिश, समुद्रातून धरलेले नाहीत. दोघं लहान असताना नरच असतात, त्यातला दांडगा मादी होतो. सासूबाईंना हे सांगितल्यापासून त्या रोज विचारतात कोण बाई झाली. पहिल्या दिवशी मात्र त्यांचा प्रश्न एवढाच होता, "खावचो नाय तर पोसतंस कित्याक?"

हिशोब १९,६०० वर थांबलाय. चिलर, म्हणजे पाणी थंड करायचं मशीन, त्यात नाही, एकटा चिलरच अख्ख्या बजेटच्या वर जातो. आत्ता दोन छोटे फॅन पाण्यावर वारा मारतात, त्याने दोन-तीन डिग्री उतरतं आणि रोज दीडेक लिटर पाणी उडतं. काचेवर चिकटपट्टीची खूण आहे, सकाळी सासूबाई तांब्याने तिथपर्यंत भरतात. एप्रिलमध्ये २७ च्या आसपास राखलं. मे अजून बाकी आहे, आणि जूनमध्ये हवाच दमट झाली की पाणी उडणार नाही, मग फॅन नुसतेच फिरणार. फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्यात, मटारांच्या पिशवीला जागा उरलेली नाही.