मक्यावर सावली नको

शुक्रवार, जुलै. रात्रीचे साडेअकरा.

आज लेकीच्या कॉलेजचं ओरिएंटेशन झालं. पहाटे पाचला घर सोडलं. शिकागो मागे पडल्यावर कॉलेजच्या गावापर्यंत, शॅम्पेनपर्यंत, दोन्ही बाजूंना नुसता मका आणि सोयाबीन. लेक शेजारी झोपलेली, मी पीक बघत होते. शेतकऱ्याच्या घरात वाढलं की ही सवय सुटत नाही.

युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉयमध्ये पोचल्यावर नावं नोंदवली, गळ्यात कार्डं अडकवली आणि थोड्याच वेळात मुलं एकीकडे, पालक दुसरीकडे. मुलं सल्लागारांशी बोलून पहिल्या सेमिस्टरचे विषय ठरवणार, आम्ही सभागृहात. फी, हॉस्टेल, जेवणाचे प्लॅन, आजारी पडलं तर कुठे जायचं, मन खचलं तर कुणाशी बोलायचं, सगळं सांगून झालं आणि मग फर्पाचा विषय निघाला. १९७४ चा कायदा. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शिक्षणाच्या नोंदींवर हक्क त्याचा, अठरा वर्षं पुरी झाली नसली तरी. फी आपण भरतो, पण त्याच्या लेखी परवानगीशिवाय मार्क सहसा आपल्याला कळवत नाहीत. पुढच्या रांगेतल्या बाईंनी हात वर केला, "मग आम्हाला कळणार कसं?" स्टेजवरची मुलगी शांतपणे म्हणाली, "मुलांना विचारा."

मला एकदम अण्णा आठवले.

१९९४ साली त्यांनी मला कोल्हापुरात हॉस्टेलवर सोडलं. एसटीच्या टपावर ट्रंक, काखेत वळकटी. खिडकीवर पैसे भरले, पावती घेतली, रेक्टरबाईंना हात जोडून "पोरीकडं लक्ष असू द्या" म्हणाले. फाटकाच्या आत पुरुषांना सोडत नसत, तिथंच थांबले. जाताना शर्टाच्या खिशातून दहा पोस्टकार्डं काढून दिली, तेव्हा पंधरा पैशांना मिळायची ती. प्रत्येकावर आमच्या घरचा पत्ता, पेन इतकं दाबून लिहिलेला की मागून हात फिरवला तरी अक्षरं बोटांना लागायची. मी लिहिलेलं आधी पोस्टमन वाचायचा, मग पारावरची माणसं, मग अण्णा. पहिल्याच वर्षी गणितात नापास झाले, तेही गावाला तसंच कळलं. सुट्टीत गेले की लोक विचारायचे. पुढची दोन कार्डं मी लिहिलीच नाहीत, कोरीच ट्रंकेत ठेवली.

म्हणून त्या कायद्याचा मला राग आला नाही. माझ्या वेळी असं काही असतं तर, एवढंच मनात आलं.

दुपारी जेवायच्या सुट्टीत मॉरो प्लॉट्स बघायला गेले. कॅम्पसच्या ऐन मध्यात मक्याचं शेत! १८७६ पासून इथे पिकांचे प्रयोग चालू आहेत आणि एका तुकड्यात तेव्हापासून दर वर्षी मकाच लावतात. खत न घातलेला मका आणि खताचा मका शेजारी शेजारी उभे, फरक लांबूनही दिसतो. शेजारचं ग्रंथालय १९६९ मध्ये बांधलं ते जमिनीखाली, दोन मजले खोल, पिकावर सावली पडू नये म्हणून. हे वाचून मी तिथेच उभी राहिले. अण्णा दर उन्हाळ्यात बांधावरच्या कडुलिंबाच्या फांद्या छाटायचे. "सावलीत पीक धरत न्हाई," म्हणायचे. त्यांना हे शेत दाखवायला हवं होतं. नुसतं बघून त्यांचं भागलं नसतं, वाकून माती हातात घेतली असती.

चार वाजता लेक आली, हातात टाइमटेबल. चेहरा उतरलेला. गणिताची प्लेसमेंट परीक्षा, म्हणजे कुठल्या पातळीचा कोर्स मिळणार ते ठरवणारी, तिने मागच्या महिन्यातच घरून दिली होती, मार्क मला सांगितले नव्हते. ओठांवर आलेला प्रश्न मी गिळला. गाडी काढली.

तासभर कुणीच बोललं नाही. वाटेतल्या कँककी गावाच्या आसपास तीच म्हणाली, "आई, प्लेसमेंटमध्ये कमी पडले. कॅल्क्युलस नाही मिळालं, त्याच्या आधीचा कोर्स घ्यावा लागला."

मग मी तिला त्या दोन कोऱ्या कार्डांबद्दल सांगितलं.