वाक्याचं शेपूट

१२ फेब्रुवारी

अभिनेत्री भक्ती बर्वे गेल्या तो हा दिवस. २००१ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गाडीला अपघात झाला. वय अवघं ५२. या तारखेच्या आसपास 'ती फुलराणी' नाटकातलं त्यांचं ते स्वगत पुन्हा फिरायला लागतं. फुलं विकणारी मंजुळा एकटीच रंगमंचावर, तिला शुद्ध भाषा शिकवणाऱ्या प्राध्यापकाला कसकशी अद्दल घडवीन ते सांगतेय. बघणारे म्हणतात, काय ती एनर्जी! एनर्जी होतीच, पण ते स्वगत तोललंय ते श्वासावर आणि जिभेवर. त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून आज तेवढंच लिहायचं.

मराठीत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे विनोदी वाक्याचा फटका बऱ्याचदा अगदी शेवटच्या शब्दात असतो, आणि नेमका तिथेच श्वास संपतो. आवाज खाली जातो, शेपूट गिळलं जातं. पुढच्या तीन रांगा हसतात आणि बाल्कनी शेजारच्याला विचारते, "काय म्हणाली?" त्या विचारण्यात पुढचं वाक्यही वाहून जातं. हशा पडला नाही म्हणून नटी पुढच्या प्रयोगात वाक्य अजून जोरात सुरू करते. मग सुरुवातीलाच हवा खर्च होते आणि शेपूट आणखी मरतं. इलाज उलटा आहे: सुरुवात हलकी ठेवायची, श्वास राखून शेवटच्या दोन शब्दांना द्यायचा.

भक्तीबाईंना हे कुठून आलं, याचं माझं उत्तर सरळ आहे. आकाशवाणी आणि बातम्या. लहानपणी सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरमध्ये बालनाट्यं केली, तिथे कंटाळलेलं पोर खुर्चीवर उभं राहतं, ताबडतोब कळतं. पुढे आकाशवाणीवर निवेदन केलं आणि १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर पडद्यावर बातम्या दिल्या. बातमीत 'ठार झाले' की 'जखमी झाले' हे वाक्याच्या टोकालाच कळतं, तिथे आवाज पाडून चालतच नाही. वर्षानुवर्षं रोज हे केलं की जबड्याला सवय लागते. मंजुळा कितीही किंचाळली तरी तिचा शेवटचा शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचतो, त्याचं मूळ या बातम्यांच्या खुर्चीत आहे असं मला ठाम वाटतं.

'ती फुलराणी'चा पहिला प्रयोग २९ जानेवारी १९७५चा. पु. ल. देशपांड्यांनी बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' या इंग्रजी नाटकाला मराठी अंगडं-टोपडं घातलं, निर्मिती इंडियन नॅशनल थिएटरची, समोर प्राध्यापक म्हणून सतीश दुभाषी. या भूमिकेत नटीला एकाच संध्याकाळी दोन भाषा बोलायच्या असतात, आणि त्या दोन्ही तिच्याच वाटायला हव्यात. गावरान बोली येणाऱ्या पुष्कळ. प्रमाण मराठी स्वच्छ बोलणाऱ्याही पुष्कळ. अडचण येते ती मधल्या टप्प्यात, जिथे मंजुळा अर्धवट शिकलेली आहे. तिथे चुकासुद्धा ठरवून करायला लागतात. तालमीच्या वहीत प्रत्येक प्रवेशासमोर लिहून ठेवावं: या प्रवेशात 'ण' आला पण 'श' अजून नाही, पुढच्यात 'श' येतो पण चिडली की जातो. हे नोंदवलं नाही तर प्रयोगागणिक चुका बदलतात, आणि भाषा सुधारतेय हे प्रेक्षकाला दिसायच्या ऐवजी नटीच गोंधळलीय असं दिसतं.

शॉच्या मूळ नाटकातला सगळ्यात विनोदी प्रवेश चहापानाचा. मुलीचे उच्चार शुद्ध झालेत, विषय मात्र वस्तीतलाच: मावशी कशी गेली, तिला कुणी संपवलं असेल. इथे नटीने 'बघा हं, मी गंमत करतेय' असं डोळ्यांत जरासं जरी आणलं तरी प्रवेश कोसळतो. तिच्या लेखी ती अत्यंत सभ्य गप्पा मारतेय. वृत्तनिवेदिकेचा निर्विकार चेहरा इथे सोन्यासारखा उपयोगी पडतो. 'जाने भी दो यारों' या हिंदी चित्रपटातली (१९८३) भक्तीबाईंची संपादक शोभा सेन आठवून पाहा. भोवती सगळा धुमाकूळ, आणि ही बाई एकदाही विनोद करायला जात नाही. ती व्यवहार बोलते, थंडपणे. म्हणून हसू येतं.

आता हशाचं गणित. हशा चढतो, माथ्यावर जातो, ओसरतो. पुढचं वाक्य तो ओसरू लागल्यावर टाकायचं, पूर्ण विरल्यावर नाही. विरेपर्यंत थांबलं की भोक पडतं, माथ्यावर असताना बोललं की वाक्य बुडतं आणि लोक पुढच्या वेळी हसायला बिचकतात, कारण हसलो तर पुढचं चुकेल. रविवारच्या हाउसफुल्लला जेवढं थांबता तेवढं मधल्या वारी अर्ध्या भरलेल्या नाट्यगृहात थांबू नये. तिथे हसू तुटक येतं आणि लवकर विझतं. थांबण्याच्या जागी रिकामं उभंही राहायचं नाही, पदर खोचायचा, टोपली सरकवायची, हाताला काम हवं. दूरदर्शनवर हे सगळं बाद. तिथे हशा नाही, क्लोजअप आहे, रंगमंचावर चाललेली भुवई तिथे दुप्पट होते.

गळ्याबद्दलही लिहायलाच हवं. पूर्वार्धातला कर्कशपणा घशातून काढला की उत्तरार्धात आवाज फाटतो, आणि नेमकी तिथेच स्वच्छ भाषा हवी असते. कर्कशपणा पोटातून जोर लावून, आवाज नाकाजवळ आणून मिळतो. प्रयोगाआधी दहा मिनिटं ओठ मिटून गुणगुणणं पुरतं. दोन प्रयोग असलेल्या दिवशी मधल्या वेळेत गप्पा नकोत, कुजबूज तर अजिबात नको, तिने गळा बोलण्यापेक्षा जास्त थकतो.

पुढे 'आई रिटायर होतेय' हे नाटक झालं. १९९०चा संगीत नाटक अकादमी पुरस्कारही झाला. मंजुळा पुढे सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष यांनीही केली.

एकपात्री स्पर्धांत अजून दर वर्षी ते स्वगत होतं. बहुतेक मुली पहिल्याच ओळीला वरच्या पट्टीत जातात, मग चढायला जागा उरत नाही. खरं तर ते तीन पायऱ्यांचं आहे: आधी चरफड, मग कल्पनेतला सूड, आणि त्या सुडाची तिला येऊ लागलेली मजा. ही तिसरी पायरी चिडून म्हटली की संपलं. तालीम मोबाइलवर रेकॉर्ड करावी, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून ऐकावी, आणि फक्त प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द कानावर येतो का तेवढंच तपासावं. येत नसेल तिथे पेन्सिलने खूण, आणि श्वास त्या वाक्याच्या आधी घ्यायचा.