वेळेवर

नातीची यंदा दहावी. परीक्षा तिची आणि घोर साऱ्या घराला. परवा संध्याकाळी पडवीत बसून ती इंग्रजीच्या फ्रेझल व्हर्बची यादी घोकत होती. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे, पुट आउट म्हणजे विझवणे, पुट अप विथ म्हणजे सहन करणे. 'पुट' एकच, शेपटी बदलली की जनावर बदललं. मध्येच थांबून तिनं विचारलं, "आजोबा, टाइड म्हणजे भरती ना? मग टाइड ओव्हर म्हणजे भरती संपली?"

"टाइड म्हणजे कपड्यांची पावडर," आतून आजी म्हणाली. "आणि ती खरंच संपलीय, उद्या आणा."

मला माझं बँकेतलं टेबल आठवलं. कर्जाच्या अर्जात हे दोन शब्द मी इतक्या वेळा वाचलेत की कंटाळा यावा. कचेरीबाहेर बसणारे टायपिस्ट ते हमखास घालायचे : 'टू टाइड ओव्हर द प्रेझेंट डिफिकल्टी', म्हणजे सध्याची अडचण निभावून नेण्यासाठी. मग ती डिफिकल्टी मुलीच्या लग्नाची असो, इंजिन दुरुस्तीची असो, नाहीतर मोहोर करपल्याची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर तर अर्जांची चवडच लागली. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, जिकडे बघावं तिकडे नारळी-पोफळी आडव्या. पोफळ नव्यानं लावली तर सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. तरी अर्जात तेच, टाइड ओव्हर. भरती सहा तासांत चढते आणि सहा तासांत उतरते. पाच-सात वर्षांची भरती मी कुठल्या रकान्यात बसवणार होतो?

शब्दाचा खरा अर्थ मला कळला तो निवृत्त झाल्यावर, आणि तोही शब्दकोशात नाही.

आमच्या जुन्या खातेदारांपैकी एक तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या. "सायब, आयुष्यभर आमच्या बोटींना कर्ज दिलंत, एकदा बसा तरी," म्हणून त्यानं मला हर्णैहून बोटीवर घेतलं. परतताना बोट आंजर्ल्याच्या खाडीत न्यायची होती. खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला. भरपूर पाणी असलं तर बोट वरून निघून जाते, नसलं तर रुतते, आणि रुतलेल्या बोटीवर लाटा आपटायला लागल्या की संपलंच. आम्ही तिथे पोचलो साडेअकराला. तांडेलानं पाण्याकडे बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि नांगर टाकायला सांगितला.

हिशेब मलाही येतो. तिथीची पाऊणपट करायची, की ढोबळमानानं भरतीची वेळ निघते. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून ही पाऊणकी. त्या दिवशी अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाला पूर्ण भरती, बाराला पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. वर अष्टमी म्हणजे भांगाचे दिवस, पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणासारखं पाणी चढणार नाही. थोडक्यात, चार-साडेचारपर्यंत हलायचं नाव नको.

घर समोर दिसत होतं. म्हणजे अगदी माडांच्या झावळ्या मोजाव्यात इतकं समोर. मी दोनदा घड्याळ पाहिलं. तांडेल म्हणाला, "घाई करून पाणी लवकर भरतं काय, सायब?" खलाशांनी स्टोव्ह पेटवला, भात टाकला, बांगड्याचं कालवण केलं. जेवून एक जण जाळ्यावरच घोरायला लागला.

बसल्या बसल्या एक गंमत पाहिली. आलो तेव्हा बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, खाडीकडे, म्हणजे घराकडे होती, कारण सुकतीचं पाणी आतून बाहेर येत होतं आणि नांगरलेली बोट नेहमी येणाऱ्या पाण्याकडे तोंड करते. बाराच्या सुमारास नांगराचा दोर सैल पडला. बोट कुठेच बघेना, नुसती डुलत राहिली. मग हळूहळू फिरली आणि घराकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. मी म्हटलं, "अरे, ही उलटी झाली!" तांडेल हसला. "उलटी नाय, भरती लागली."

सव्वाचारला बांबू घालून पाणी पाहिलं, नांगर उचलला आणि गाळावरून आम्ही अलगद आत आलो. खाली काय होतं ते कळलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर शोधाशोध केली. टाइड ओव्हरचा जुना अर्थ नेमका हाच निघाला. १६२७ साली कॅप्टन जॉन स्मिथ यानं दर्यावर्दी शब्दांचं एक पुस्तक लिहिलं, त्यात तो आहे : पाणी आपल्या बाजूचं असेल तोवर त्याच्याबरोबर जायचं, उलटं फिरलं की नांगर टाकून पुढच्या पाण्याची वाट बघायची. अडचणीतून निभावून नेण्याचा अर्थ त्यावर दोनेकशे वर्षांनी चढला. तो चढताना नांगर तेवढा गळून पडला. आमच्या अर्जदारांना भरती हवी असायची, नांगर कुणालाच नको. आणि बँकेचं म्हणाल, तर पाणी कुठल्या बाजूला चाललंय ते न बघताच आम्ही हप्ते बांधून द्यायचो.

त्याहून मजा पुढे. इंग्रजीत टाइडचा मूळ अर्थ भरती नव्हेच, तो वेळ. जर्मनांचा वेळेचा शब्द 'त्साइट' याच कुळातला. टाइम अँड टाइड कुणासाठी थांबत नाहीत असं आम्ही शाळेत पाठ केलं, तेव्हा मास्तरांनी टाइड म्हणजे समुद्राची भरती असं सांगितलं होतं. खरं तर तिथेही तो वेळच. आता आपल्याकडे बघा. आपली 'वेळ' संस्कृत 'वेला'वरून आली, आणि वेला म्हणजे वेळ तर खरीच, शिवाय किनारा आणि भरतीसुद्धा! गोव्याकडे कोकणीत किनाऱ्याला अजून वेळ म्हणतात. तिथला माणूस वेळेर गेला तर तो वाळूत फिरत असतो, आपल्याकडचा वेळेवर गेला तर कचेरीत. कोण बरा, ते मी सांगत नाही.

तेव्हा टाइड ओव्हरला मराठी शोधायला लांब जायला नको. वेळ निभावणे, वेळ मारून नेणे. नात म्हणाली, "पण मारून नेणे म्हणजे? कुणाला मारलं? कुठे नेलं?" रास्त आहे. करून टाक, बोलून बसला, खाऊन घे, यातलं टाकणं, बसणं, घेणं परक्याला समजावायचं म्हणजे त्या पुटच्या शेपट्या परवडल्या. शिवाय 'मारून नेणे'त किंचित लबाडी आहे. उधारी मागायला आलेल्याला चहा पाजून परत पाठवणं, ते वेळ मारून नेणं. कर्ज काढून बी-बियाणं घेणं म्हणजे नड भागवणं. टाइड ओव्हरमध्ये ती लबाडी नाही, तिथे नुसती नड भागते.

आणि पावसाळ्यासाठी तर आपला वेगळाच शब्द आहे, बेगमी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. तेवढे ६१ दिवस सुकट, सोडे, सुके बोंबील, आमसुलं आणि कुळथाचं पीठ यांच्यावर आमच्याकडची चूल चालते. आजी मे महिन्यात डबे भरते आणि जुलैत झाकण उघडून, किती उरलं ते न बोलता बघते.

नातीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि वहीत वाक्य लिहिलं : 'सुकट टाइड्स अस ओव्हर द मॉन्सून.' तिचे इंग्रजीचे सर घाटावरचे, नुकतेच बदलून आलेले. वही परत आली तेव्हा वाक्याला बरोबरची खूण होती आणि खाली लाल शाईत प्रश्न : 'व्हॉट इज सुकट?'

आजीनं त्याच दिवशी एक डबा भरून दिला. नात वर्गात तो दप्तरात लपवून बसली होती म्हणे, पण वासानं सगळ्यांना आधीच कळलं होतं.