चित्रांचे वय विचारणाऱ्यांना

मध्य प्रदेशातल्या भीमबेटका इथले चित्रांनी भरलेले शैलाश्रय, म्हणजे खडकांच्या कपारीतले निवारे, पाहून आलेले बहुतेक जण मला एकच प्रश्न विचारतात : ती चित्रे नेमकी किती हजार वर्षांची? ठाम आकडा सांगता येत नाही म्हटले की, मग तुम्ही संशोधक इतकी वर्षे करता तरी काय, असा सूर लागतो. तुम्हीही विचारलेत, म्हणून एकदाचे सविस्तर लिहिते.

गेरूच्या रंगात कार्बन नसतो, त्यामुळे वय मोजण्याची कार्बन-१४ पद्धत त्याला थेट लावता येत नाही. उरते ती शैलाश्रयातली जमीन. डेक्कन कॉलेजच्या वीरेंद्रनाथ मिश्र यांनी १९७३ पासून तिथे उत्खनन केले, तेव्हा मध्याश्मयुगीन, म्हणजे अश्मयुगाच्या मधल्या टप्प्यातल्या, थरांत सूक्ष्मास्त्रांबरोबर (बारीक दगडी पात्यांबरोबर) घासल्याच्या खुणा असलेले गेरूचे खडेही मिळाले. चित्रांतल्या बाणांना काटे आहेत आणि सूक्ष्मास्त्रे तशीच लाकडात बसवीत. एवढ्यावरून बरीच चित्रे मध्याश्मयुगीन शिकाऱ्यांची मानता येतात. परंतु त्याच भिंतींवर पुढच्या काळातले घोडेस्वारही आहेत, म्हणून सगळ्यांना मिळून एक आकडा देणे मला मान्य नाही.

सातपुड्यातल्या एका शैलाश्रयात, ज्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, आम्ही पोहोचलो तेव्हा चित्रांच्या बरोबर खाली पुरुषभर खोल खड्डा होता. लाल चित्र म्हणजे पुरलेल्या धनाची खूण, या समजुतीने कोणीतरी रात्री तो खणला होता. बाहेर फेकलेल्या मातीत नखाएवढे अकीकाचे अर्धचंद्राकृती पाते मिळाले. त्याची सरळ धार अजून बोटाला लागत होती आणि पाठ बारीक कपच्या काढून बोथट केलेली होती. त्याच ढिगात कोळसा, खापऱ्या आणि गुटख्याची पुडी होती. कोळशाचे वय आजही काढता येईल, पण तो कोणत्या थरातला हे आता कोणीही सांगू शकणार नाही. सोबतचे गावकरी आजोबा म्हणाले, “बाई, एवढं जुनं आहे म्हणता, मग खाली काहीतरी असणारच ना?” मला संताप आला आणि उत्तर सुचले नाही.

आकडा न देणे हीच सचोटी, असे मी तोवर मानत आले होते. आजही देत नाही. मात्र आम्ही गप्प राहिलो की दुसरा कोणी बेधडक लाख वर्षे सांगतो आणि लोक खणतात, हेही मला दिसते. मग अंदाज तरी सांगावा का? सांगितला, तर ‘जुने म्हणजे मोलाचे’ हा हिशेब मीच पुरवते. यातले काय कमी घातक, हे मला ठरवता आलेले नाही.