कॉइलजवळ लोंबणारी ती वायर

माझ्या १९७७च्या एमजीबीत, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये, इग्निशन कॉइलच्या (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणारी) बाजूला एक वायर नुसतीच लोंबत होती, टोकाला क्लिप, क्लिपवर आधीच्या कुणीतरी गुंडाळलेली चिकट झालेली टेप, आणि जोडलेली कुठेच नाही. गाडी चालू होत होती म्हणून बरेच दिवस मी तिला हात लावला नाही. पण थंड इंजिनला सात-आठ वेळा सेल्फ मारावा लागायचा, वर पळवली की मिसिंग मारायची, प्लग बदलले, पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधली, कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी जोडी) बदलले, तरी तेच. मग म्हटलं आता ही वायर कुठून येते ते शोधल्याशिवाय बोनेट लावायचं नाही.

आधी रंग. या ब्रिटिश गाड्यांमध्ये रंगांची ठरलेली भाषा आहे आणि ती खूप कामाची आहे: तपकिरी म्हणजे थेट बॅटरीची, कायम जिवंत, पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर येणारी पण फ्यूज नसलेली, हिरवी म्हणजे चावीनंतर फ्यूजमधून येणारी, आणि पांढऱ्यावर काळी रेघ म्हणजे कॉइलकडून पॉइंटकडे जाणारी. माझी वायर टोकाला नुसती मळकट दिसत होती, पण लूमची (वायरींच्या जुडग्याची) टेप बोटभर मागे सोडली तर आत रंग अगदी नव्यासारखा, पांढऱ्यावर फिकट हिरवी रेघ. आणि कॉइलच्या प्लसला जी वायर लावलेली होती तीही तशीच! एकाच रंगाच्या दोन, त्यातली एक रिकामी.

मीटर लावला. चावी बंद, शून्य. चावी चालू, तरी शून्य. इथे बरेच जण वायर मेलेली आहे म्हणून सोडून देतात, आधीच्या माणसानेही बहुतेक तेच केलं असावं. मी मित्राला सेल्फ मारायला सांगितलं आणि मीटरवर एकदम दहाच्या आसपास व्होल्ट आले, सेल्फ सोडला की परत शून्य. म्हणजे ही सरळ स्टार्टरच्या सोलेनॉइडकडून (सेल्फच्या मोटरला करंट जोडणारा स्विच) येतेय, फक्त सेल्फ फिरताना कॉइलला बॅटरीचा पूर्ण जोर द्यायला.

पूर्ण जोर वेगळा का द्यावा लागतो, तर लूमच्या आत एक गुलाबी-पांढरी रेझिस्टन्स वायर लपलेली असते, साधारण दीड ओहमची. तोच बॅलास्ट. एरवी कॉइलला त्यातूनच करंट जातो. इथे मी आधी फसलो होतो, कारण प्लसवर मीटर लावला तर सरळ १२ व्होल्ट दिसले आणि मला वाटलं बॅलास्ट नाहीच. पण तेव्हा पॉइंट उघडे होते, करंटच वाहत नव्हता, मग व्होल्ट पडणार कुठून? डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली, गाडी चौथ्या गिअरला टाकून इंचभर ढकलली, पॉइंट मिटले, आणि परत मोजलं तर ८. (चावी अशी जास्त वेळ चालू ठेवू नका, कॉइल तापते.)

आता ८ का, ६ का नाही? बरोबरची, म्हणजे बॅलास्टइतकीच दीड ओहमची कॉइल असती तर निम्मेच यायला हवे होते. कॉइल सुटी करून मोजली तर ३ ओहम, म्हणजे बॅलास्ट नसलेल्या गाडीची. तीन अधिक दीड, साडेचार ओहम, करंट चार अँपिअरच्या जागी पावणेतीनच. स्पार्क कमजोर, त्यात सेल्फच्या वेळची मदतही तोडलेली. सगळा आजार एका जागी सापडला, मला फार बरं वाटलं.

दीड ओहमची कॉइल आणली, दोन्ही फिकट हिरव्या रेघेच्या वायर प्लसला लावल्या, क्लिप सँडपेपरने घासून. सकाळी थंड इंजिनवर दुसऱ्याच सेल्फला सुरू झाली. आता त्या वायरला चिठ्ठी बांधलीय, “सोलेनॉइड, फक्त सेल्फला”, म्हणजे पुढे ज्याच्या हातात गाडी जाईल तो ती कापणार नाही.