खर्रा थुकून या, मग टेस्ट

आमच्या पोराला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे अंगात रक्त नीट बनतच नाही, दर तीन आठवड्यानं वणीहून नागपूरला नेऊन रक्त चढवतो, सहा वर्षं झाली. डॉक्टर म्हणे बोन मॅरो (हाडातला मगज, जिथं रक्त बनते) बदलला तर सुटका आहे, पण आधी घरच्यांची एचएलए टायपिंग करा, म्हणजे कोणाचा मॅरो पोराशी जुळतो ते पाहायची टेस्ट. प्रायव्हेट लॅबवाल्यानं माणशी जो रेट सांगितला तो पाचनं गुणला अन् गुपचूप बाहेर आलो, त्या साली कापूस बोंडअळीनंच खाल्ला होता.

मग रक्त चढवायच्या वॉर्डात एका पोट्टीच्या आईनं सांगितलं, एका संस्थेचं शिबिर आहे, थॅलेसेमियावाल्या लेकरांची अन् घरच्यांची टायपिंग फुकट. मले आधी खोटंच वाटलं. पाठीत मोठी सुई खुपसतात असं काहीबाही डोक्यात होतं, माझी आई तर माझ्या दोन पोरींले नेऊच देत नव्हती. तिथं गेलो तर काय, कान साफ करायच्या काडीसारखी लांब काडी, गालाच्या आतून मिनिटभर फिरवली, झालं. फक्त त्याआधी अर्धा तास काही खायचं प्यायचं नाही. अन् माझ्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा! मॅडम म्हणे भाऊ, थुकून या, चूळ भरा अन् अर्धा तास बसा. पोरी हसून हसून बेजार.

बसलो तर तिनंच समजावलं. हे एचएलएचे जीन्स ६ नंबरच्या क्रोमोसोमवर असतात, एक सेट आईकडून, एक बापाकडून, म्हणून आईबाप बहुतेक अर्धेच जुळतात अन् सख्खं भावंड पूर्ण जुळायचा चान्स चारात एक.

काड्या पार जर्मनीले गेल्या, काही आठवड्यांनी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला. धाकटी अर्धी, मोठी १० पैकी १०, म्हणजे पूर्ण जुळली! बायको तिथंच चुलीपाशी रडाले लागली.

आई म्हणे, पोट्ट्याचा रक्तगट O, पोरीचा B, कसं जमन? जमते. रक्तगट जुळाच लागते असं नाही, ही गोष्ट वेगळीच आहे. आता खात्रीसाठी एकदा रक्ताचा नमुना द्यायचा आहे, अन् कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून (२०१७ पासून आहे) १० लाखांपर्यंत मदत मिळते, त्याचे कागद जमवणं चालू आहे, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या तीन चकरा झाल्या. इथल्या कोळसा खाणीची धूळ आम्ही खातोच, थोडा पैसाही येऊ द्या ना बाप्पा.

ट्रान्सप्लांट (मॅरो बदलणं) झाल्यावर पोराचा रक्तगट बहिणीचाच होते म्हणे, B. हे ऐकल्यापासून मोठी त्याले आत्तापासूनच राखीची डबल ओवाळणी मागून राहिली.